तिने कधी तक्रार केली नाही

आजची वाचने: नीतिसूत्रे ३१:१०-१३, १९-२०, ३०-३१, १ थेस्सलनी ५:१-६, मत्तय २५:१४-३०



आज सामान्य काळातला ३३वा रविवार. तुमच्यापैकी बहुतेकांनी आज मिस्सेत धन्याने दासांना सोपवलेल्या पैशांच्या दाखल्यावर प्रवचन ऐकलं असेल. तो दाखला मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. मी पहिल्या वाचनापाशीच अडकलोय. खरं सांगायचं तर दोन वर्षं अडकलोय. आईच्या दफनविधीला हेच वाचन होतं, आणि ते मीच निवडलं होतं.

फादरांनी विचारलं, "पहिलं वाचन कुठलं घेऊ या?" मी लगेच म्हणालो, नीतिसूत्रे ३१. सद्गुणी स्त्री. दुसरं काही सुचलंच नाही. आईला ओळखणाऱ्या कुणालाही सुचलं नसतं. मिस्सेनंतर कुटुंबाच्या वतीने चार शब्द बोलायला उभा राहिलो तेव्हा मी तेच धरून बोललो. पहाटे चारला उठायची. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची. संध्याकाळी शिलाई मशीनवर बसायची. रोझरी चुकवली नाही. आणि शेवटी म्हणालो, "एवढं सगळं केलं, पण माझ्या आईने कधी तक्रार केली नाही." बरेच जण डोळे पुसत होते. मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो.

दफन आईच्या माहेरी झालं, राहुरी तालुक्यात. माती देऊन आल्यावर मामांच्या ओट्यावर चहा चालला होता. मावशी शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बोललास छान. पण ते तक्रारीचं खोटं बोललास."

मी बघतच राहिलो.

"करायची की रे तक्रार. माझ्याजवळ करायची. तुझ्या बापाजवळ करायची. तुझ्याजवळ पण केली असेल. तुम्हाला ऐकू आली नाही, एवढंच."

ती रागावून बोलली नव्हती. बशीत चहा ओतता ओतता बोलली, आणि मग भावकीतल्या कुणाशी तरी बोलायला उठून गेली.

आमचं घर शिनोलीला. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाताना लागतं, तुमच्यातले ट्रेकला जाणारे न थांबता पुढे गेले असतील. बाबा डिंभे धरणाच्या कामावर मजूर म्हणून आले आणि इकडेच राहिले. आई लग्न होऊन आली ती नगरकडच्या, मिशनच्या वस्तीत वाढलेली. तिकडे घंटा वाजली की चर्च, हाक मारली की सिस्टर. इथे आजूबाजूला आपलं माणूस नाही, मिस्सेला जायचं तर सकाळी एसटीच्या वाट बघण्यापासून सुरुवात. दर रविवारी जमायचं नाही. ज्या रविवारी जमायचं नाही त्या रविवारी ती आम्हाला चुलीपुढे बसवून शुभवर्तमान वाचायला लावायची, आणि त्या दिवशी मशीनला हात लावायची नाही, गिऱ्हाईक दारात येऊन बसलं तरी. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायची. तेवढीच तिची सुट्टी.

गावात तिला सगळे टेलरबाई म्हणत. श्रावणी सोमवारी भीमाशंकरला पायी जाणारे लोक दारावरून जात, तेव्हा ती पाण्याचा हंडा बाहेर ठेवायची. तिला यात काही विशेष वाटायचं नाही. तहानलेल्याला पाणी द्यावं असं प्रभूनेच सांगितलंय, म्हणायची, आणि मशीनवर बसायची.

रोझरी ती मशीनवरच म्हणायची. हे मला कॉलेजात गेल्यावर खटकायला लागलं. पुण्यात युवक गटात जायला लागलो होतो, प्रार्थना कशी करावी यावरची शिबिरं करून आलो होतो. एका सुट्टीत मी तिला म्हणालो, "आई, देवाशी बोलताना हातात काम कशाला? थोडा वेळ नीट दे ना." ती म्हणाली, "नीट बसले तर झोप लागते रे." मी त्यावर तिला एक छोटं प्रवचन दिलं. जागे राहा, प्रार्थना करा, गेथशेमानी बागेतले शिष्य वगैरे. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती खरंच अल्तारीपुढे बसली आणि तिसऱ्या रहस्याला मान खाली गेली. मी हसलो.

संत तेरेजा, लिज्यूची छोटी तेरेजा, तिलाही प्रार्थनेत झोप लागायची. ती मठात होती, आणि तिने याबद्दल स्वतःच लिहून ठेवलंय: लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच आवडतं. हे मी नंतर वाचलं आणि मला तेरेजाबद्दल प्रेम वाटलं. आईबद्दल वाटायला मात्र ती जावी लागली. "नीट बसले तर झोप लागते" ही तक्रार होती, मित्रांनो. मी तिला आळस समजलो, आणि पुढे श्रद्धांजलीत तिची भक्ती करून टाकली. मधलं जे होतं, म्हणजे बाई दमलेली होती, ते मला दोन्ही वेळा दिसलं नाही.

आता वाचनाकडे येतो.

आज मिस्सेत हा उतारा पूर्ण वाचला गेला नाही. वर दिलेले वचनांचे आकडे बघा. १४ ते १८ आणि २१ ते २९ गाळलेली आहेत. घरी बायबल उघडून ती वाचाच. गाळलेल्या भागात ही बाई रात्र असतानाच उठते, शेत पाहून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते, आपला धंदा फायद्यात आहे की नाही हे तिला कळतं. तिचा दिवा रात्री विझत नाही. पण तिच्या हाताखाली दासीही आहेत, म्हणजे सगळं एकटी करत नाही. आणि २६व्या वचनात ती तोंड उघडून बोलते. शहाणपणाचं बोलते. मिस्सेतल्या वाचनात सूतकताई राहिली, दानधर्म राहिला, देवाचं भय राहिलं. तिचं बोलणं गेलं. वाचनं लांबीमुळे कापावी लागतात, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण आपणही आपापल्या आयांचं वाचन असंच कापतो की काय, असं मला वाटायला लागलंय.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपल्या मराठी बायबलात 'सद्गुणी' म्हटलंय, तिथे मूळ हिब्रूत 'हायिल' असा शब्द आहे. बळ, पराक्रम, सैन्यसुद्धा. गिदोनाला देवदूत शूर वीर म्हणतो तिथेही हाच शब्द. म्हणजे ही निमूट, मान खाली घातलेली बाई नव्हे. आणि संपूर्ण बायबलात नाव घेऊन जिला हे म्हटलंय ती एकच स्त्री, रूथ. परक्या देशातली विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. बटाटा काढून झाल्यावर वावरात मागे राहिलेला सरवा वेचायला आई आम्हालाही न्यायची, त्यामुळे रूथचं पुस्तक मला कधी समजावून सांगावं लागलं नाही. आणि रूथ गप्प बसत नाही. ती सासूला 'माघारी जा' म्हणू देत नाही, रात्री खळ्यावर जाऊन बवाजाला सरळ सांगते की तू आमचा जवळचा नातलग आहेस, तुझं कर्तव्य कर. त्यावर तो तिला हे बिरुद देतो. मागितल्यावर देतो.

ज्यू कुटुंबांत नीतिसूत्रांचा हा उतारा दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाआधी गातात. ती बाई समोर टेबलाशी बसलेली असते. आपल्याकडे मी तो बहुतेक वेळा शवपेटीपुढेच ऐकलाय.

मग शेवटचं वचन, ३१वं. त्यात दोन गोष्टी सांगितल्यात. एक, तिच्या हातच्या कमाईतला वाटा तिला द्या. दोन, वेशीवर, चारचौघांत, तिच्या कामांची प्रशंसा होवो. या क्रमाने. मी दुसरी गोष्ट उत्तम केली. माइक हातात घेऊन केली. पहिलीचं काय?

इथे मला एक प्रसंग लिहिला पाहिजे. लिहायचं टाळत होतो.

ती जायच्या दोन महिने आधी तिचा फोन आला होता. म्हणाली, "चार दिवस येऊ का रे तुझ्याकडे? गुडघे फार धरलेत. एकदा पुण्यात दाखवू. इथल्या गोळ्यांनी काही होत नाही." मी म्हणालो, "ये ना, पण या आठवड्यात आमची रिट्रीट आहे, सगळं माझ्याच अंगावर आहे. पुढच्या महिन्यात ये, निवांत." ती म्हणाली, "बरं बरं. देवाचं काम आहे, ते आधी कर." पुढच्या महिन्यात मी विसरलो. तिने परत विचारलं नाही. ती गेली ती गुडघ्यांनी नाही, झोपेत हृदय बंद पडलं. डॉक्टरांना दाखवलं असतं तर काही कळलं असतं का, या प्रश्नात मी आता शिरत नाही. बराच काळ शिरलो होतो, तिथे काही नाही. मला टोचतं ते वेगळंच. तिने मागितलं होतं. 'मावशी म्हणते तशी तुझ्याजवळ पण केली असेल' ती तक्रार हीच. आणि मी ती देवाच्या नावाने परतवली.

मार्कच्या ७व्या अध्यायात येशू परुश्यांना यावरूनच झापतो. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलंय, असं जाहीर केलं की मग आईबापांसाठी काही करावं लागत नाही, अशी पळवाट त्यांनी काढली होती. येशू म्हणतो, अशा रीतीने तुम्ही देवाची आज्ञाच रद्द करता. मी त्या रिट्रीटमध्ये चौथ्या आज्ञेवर सत्र घेतलं होतं. हे मी विनोद म्हणून सांगत नाहीये.

तुम्ही म्हणाल, पण तिनेच तर सांगितलं ना, देवाचं काम आधी कर? आणि आपला विश्वास आहेच की दुःख प्रभूच्या क्रुसाशी जोडून अर्पण करता येतं. आई ते करायची, मला माहीत आहे. पाठ धरली की म्हणायची, "येशूच्या पाठीला." पण ते अर्पण तिचं होतं. ती तिची पाठ अर्पण करू शकत होती. तिची पाठ मी अर्पण करू शकत नाही. तिच्या त्यागाचं पुण्य तिच्या खात्यावर, आणि माझ्या दुर्लक्षाचा हिशेब माझ्या खात्यावर. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. श्रद्धांजली देताना आपण पहिलं इतक्या मोठ्याने सांगतो की दुसरं झाकलं जातं.

शिवाय तक्रार न करणं हीच भक्ती, हे आपल्याला शिकवलं कुणी? स्तोत्रसंहिता उघडा, पानोपानी देवाजवळ तक्रार आहे. क्रुसावर येशूच्या ओठांवर आलं ते तसंच एक स्तोत्र. मार्था स्वयंपाकघरातून येऊन येशूला तोंडावर विचारते, तुम्हाला काहीच वाटत नाही का? तो तिला समज देतो, पण गप्प बस म्हणत नाही, दोनदा नावाने हाक मारतो. आणि लाजराच्या मरणानंतर हीच मार्था पुन्हा तक्रार करते, तुम्ही इथे असता तर. त्याच संभाषणात, चार वाक्यांनी पुढे, ती येशू हा ख्रिस्त असल्याची कबुली देते.

झेली मार्टिनचं नाव ऐकलंय? छोट्या तेरेजाची आई. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावात तिचा स्वतःचा लेस विणून घेण्याचा व्यवसाय होता. नऊ मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. १८७७ साली, ४५व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने ती वारली. १८ ऑक्टोबर २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी तिला आणि तिचा नवरा लुई याला एकत्रच संत घोषित केलं. तिची दोनशेहून जास्त पत्रं शिल्लक आहेत. त्यांत देव आहे, मुलं आहेत, आणि तक्रारीही आहेत. ऑर्डरी वेळेत होत नाहीत, झोप होत नाही, या लेसने जीव नकोसा केलाय. टेलरिंग करणाऱ्या कुठल्याही बाईला दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात विचारा, हेच सांगेल. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नवऱ्याची आहे. लुई घड्याळजी होता. १८७० मध्ये त्याने आपलं दुकान दुसऱ्याकडे सोपवलं आणि बायकोच्या धंद्यात मदतीला लागला. घरात कुणीतरी ऐकलं होतं.

आणि संत ऑगस्तीन. त्याची आई मोनिका इ.स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. 'कबुलीजबाब' या त्याच्या पुस्तकाच्या नवव्या भागात ते सगळं आहे. शेवटच्या आजारात ती त्याला म्हणाली की त्याच्या तोंडून तिला कधी एक कठोर शब्द ऐकावा लागला नाही. आता याच ऑगस्तीनने तिला कार्थेजच्या किनाऱ्यावर थाप मारून, रात्रीत जहाजाने रोमला पळ काढला होता, हे त्यानेच आधी लिहिलंय. आया शेवटी असंच बोलतात. माझी म्हणाली, "बरं बरं." पण ऑगस्तीन ते प्रशस्तिपत्र खिशात घालत नाही. तो देवाला विचारतो की मी तिला दिलेला मान आणि तिने माझी केलेली चाकरी, यांची तुलना तरी होईल का? तो चाकरीच म्हणतो, गुलामाची असते तशी. आणि पुढे जे करतो ते मला पहिल्यांदा वाचताना धक्कादायक वाटलं: तिची सत्कृत्यं बाजूला ठेवून तो तिच्या पापांसाठी क्षमा मागतो. आईच्या पापांसाठी! इतकी भक्त बाई. पण विचार करा, पुतळ्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही. माणसासाठी करतात. आईला देवी करून टाकलं की तिच्यासाठी मिस्सा लावायचीही गरज उरत नाही. मोनिकाने मागितलं होतं तेवढंच: माझं शरीर कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

आपल्याकडची 'श्यामची आई' सगळ्यांना माहीत आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ती लिहिली. आपण तिला आईची स्तुती म्हणून वाचतो. परत वाचून बघा, श्याम रात्रीमागून रात्र सांगतोय ते बरंचसं स्वतः कुठे चुकला ते.

मी आईसाठी मिस्सा लावतो. नोव्हेंबरात तर लावतोच. पण गेल्या वर्षी वर्षदिनाला शिनोलीला गेलो होतो तेव्हा तिची शिलाईची वही सापडली. मापं, तारखा, आणि शेवटच्या पानांवर येणे बाकी. काही नावांपुढे अनेक वर्षांची बाकी. मी बाबांना म्हणालो, "बघा, किती जणांचं तिने सोडून दिलं." बाबा म्हणाले, "सोडलं नाही. मागायला लाजायची. मला म्हणायची तुम्ही जाऊन मागा. मी पण नाही गेलो." आणि बराच वेळ वही हातात घेऊन बसले. मी जे दान म्हणून तुम्हाला सांगणार होतो ते दान नव्हतं. मजुरी होती, बुडालेली. तिने सोसली, आणि घरातल्या दोन पुरुषांनी सोसू दिली.

त्या वेळेपासून मी मिस्सेत तिचं नाव येतं तेव्हा 'तिच्या सर्व कष्टांबद्दल धन्यवाद' एवढंच म्हणत नाही. ते म्हणतोच. आधी माझं म्हणतो. पापनिवेदनातही सांगितलंय. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून कुठली मोठी प्रार्थना दिली नाही, विचारलं, "मावशी आहे ना अजून?"

मावशी आहे. दर रविवारी सकाळी फोन करते, किंवा मी करतो. आजही केला. तिचेही गुडघे धरलेत. कधीपासून, कुठली गोळी, जिना किती वेळा चढावा लागतो, सुनेने काय म्हटलं, सगळं झालं. तिला पुढच्या शनिवारी आणायला जातोय, तपासणीची वेळ घेतलीय. त्यामुळे आज मिस्सेला पोहोचेपर्यंत पहिलं वाचन सुरू झालं होतं, मागे उभ्याने ऐकलं.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि तुझ्या आईने माझी मोरपंखी साडी नेली होती हरेगावच्या यात्रेला. ती परत दिलीच नाही बघ तिने. माझ्या लग्नातली होती."

बाबांना विचारलं. त्यांना काही माहीत नाही. शनिवारी शिनोलीवरून जाईन, ट्रंक उघडून बघतो.